अर्ध्या वाट्याचं रान

साल १३४०. सप्टेंबर सरत आलाय. तुम्ही सिएना शहराच्या नगरभवनात, पलाझ्झो पुब्लिकोत उभे आहात आणि दालनाच्या भिंतींना अजून नव्या चुन्याचा वास येतोय. आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगून झाली त्याला पन्नास वर्षं झाली आहेत, देवगिरीचं दौलताबाद झालंय. इकडे दान्तेला जाऊन दोन दशकं होत आली. तुमच्या अंगावर जाड लोकरी झगा, हातात काठी, खांद्याला झोळी. उत्तरेकडून रोमला जाणारा यात्रेचा रस्ता, व्हिया फ्रांचिजेना, या शहराच्या पोटातून जातो. त्यामुळे तुमच्यासारख्या परक्या यात्रेकरूकडे कुणी मान वळवूनही बघत नाही.

हे दालन नऊ जणांचं. सिएनावर राज्य करणारे नऊ नागरिक इथे बसतात, बहुतेक व्यापारी आणि सावकार. मुदत फक्त दोन महिन्यांची, आणि तेवढे दिवस मुक्काम याच इमारतीत. वशिल्याला आळा घालायला काढलेला हा तोडगा १२८७ पासून चालू आहे. मग कोंडलेल्या या नऊ जणांना आपलं राज्य दिसावं कसं? दक्षिणेला एक खिडकी आहे. आणि पूर्वेच्या भिंतीवर, सुमारे १४ मीटर लांबीचं, अँब्रोजिओ लोरेन्झेत्तीनं गेल्याच वर्षी पुरं केलेलं चित्र आहे.

नीट बघा. डावीकडे शहर: चांभाराचं दुकान, पोरांना शिकवणारा गुरुजी, पराती घेऊन माळ्यावर चढलेले गवंडी, चौकात फेर धरलेली मंडळी. मधे तटबंदी आणि वेस. उजवीकडे रान. टेकड्यांमागून टेकड्या, ओळीनं लावलेले द्राक्षवेल, नांगरणी, पेरणी, कापणी आणि मळणी, सगळं एकाच वेळी, जणू वर्षाचे बारा महिने एकाच दुपारी कामाला लागलेत. वेशीवर हवेत तरंगणारी एक बाई आहे, सुरक्षितता तिचं नाव. एका हातात फलक: जो तो निर्धास्त हिंडो, पेरो. दुसऱ्या हातात फाशीचा खांब, त्यावर लोंबणारा माणूस. सिएनावाले गोड बोलतात, पण मोघम बोलत नाहीत.

रोमन काळानंतर युरोपात कुणी एवढं मोठं, ओळखू येईल असं रान भिंतीवर काढलेलं नाही. इतिहासकार ते पुढे सांगतीलच. तुम्ही मात्र रस्त्याकडे बघा, त्यावर कोण कुठे चाललंय ते. रेशमी कपड्यांतले, मनगटावर ससाणा घेतलेले सरदार वेशीतून बाहेर पडतायत, रिकाम्या हातांनी, शिकारीला. आणि चढण चढून वेशीकडे येणारी माणसं सगळी ओझ्याची. गोण्या लादलेली खेचरं. आणि एक शेतकरी, पुढे एक डुक्कर हाकत. काळंभोर, खांद्यावरून पुढच्या पायांपर्यंत उतरलेला पांढरा पट्टा. या जातीला चिंता सेनेसे म्हणतात, पट्टेवालं सिएनी डुक्कर. लोरेन्झेत्तीनं ते इतकं नेमकं काढलंय की सात शतकांनंतर जात ओळखायला पशुवैद्य लागत नाही.

रान शहराकडे चाललंय, शहर रानाकडे फिरायला चाललंय. चित्र सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ते मालकाच्या खिडकीतून काढलेलं आहे.

समोरच्या भिंतीवर वाईट राज्यकारभार आहे: जळणारी गावं, ओसाड शेतं, वर भीती नावाची चेटकीण. ती भिंत तुम्ही घाईत बघता, बघणारे सगळेच तसं करतात. पण अकरा वर्षांपूर्वी, १३२९ च्या दुष्काळात, याच शहरानं आपल्या गरिबांना वेशीबाहेर घालवलं होतं. नोंद ठेवणारा दोमेनिको लेन्झी हा फ्लॉरेन्सचा धान्यव्यापारी. फ्लॉरेन्सचा माणूस सिएनाबद्दल चांगलं कशाला लिहील, हे धरूनही ती नोंद भिंतीवरच्या चित्राशेजारी ठेवून वाचावी अशी आहे. चांगल्या राज्याची वेस आत यायला उघडी होती. बाहेर जायलाही होती.

चला, बाहेर पडू.

दक्षिणेची वेस नवी आहे, बांधून जेमतेम बारा वर्षं झालेली. ती ओलांडली की घरं संपतात आणि माती सुरू होते. राखाडी चिकणमाती, नांगरलेली, उन्हात भेगाळलेली, लांबवर लाटांसारखी. हा क्रेते सेनेसीचा मुलूख. पोस्टकार्डांवरची सायप्रसची झाडं इथे शोधू नका. आत्ता दिसतात ती मेपलची झाडं, छाटून बुटकी केलेली, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर चढवलेले द्राक्षवेल. झाडांच्या दोन ओळींत धान्य, बांधावर ऑलिव्ह. एका तुकड्यात तीन पिकं. द्राक्षाची वेगळी बाग करायला जमीन कुणाकडे आहे? भिंतीवरच्या त्या नेटक्या ओळी एखाद्या श्रीमंत मठाच्या असतील.

तासा-दीड तासानं एका टेकाडावरचं घर लागतं. इथे शेत, घर, विहीर, गोठा मिळून एक एकक असतं, त्याला पोदेरे म्हणतात. आज द्राक्षं तुडवण्याचा दिवस आहे, त्यामुळे पाहुण्याला कुणी नाही म्हणत नाही. उंच लाकडी पिंपात दोन पोरं गुडघाभर लगद्यात नाचतायत, मधमाश्या घोंघावतायत, आणि अंगणात एक गृहस्थ लेखणी-कागद घेऊन बसलाय. तो मालकाचा माणूस. मालक म्हणजे सांता मारिया देल्ला स्काला, कथीड्रलसमोरचं मोठं इस्पितळ. आसपासच्या कितीतरी जमिनी त्याच्या.

करार साधा आहे, अर्धेलीचा. जमीन, घर मालकाचं, बियाणं निम्मं निम्मं, राबणं कुळाचं, पीक अर्धं अर्धं. इटालियनमध्ये मेझ्झाद्रिया. धान्य खळ्यावर मोजायचं, वाइन पिंपापाशी. वर सणावाराला कोंबड्या, अंडी, ते वाट्याबाहेरचं. आपल्याकडच्या अर्धेलीची ज्यांना घरची आठवण आहे त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. लेखणीवाल्याकडे न बघता बघणारी घरधनीण त्यांनी पाहिलेली असते.

रस निथळला. निम्मा मालकाच्या पिंपात, निम्मा यांच्या. पण यांचा निम्माही बराचसा बाजारात जायचाय, कारण मीठ आणि लोखंड शेतात उगवत नाही. मग पिंपाच्या तळाशी उरलेल्या चोथ्यावर विहिरीचं पाणी ओततात, दोन दिवस मुरू देतात. जे निथळतं त्याचा रंग फिका, चव आंबटसर, नशा नावापुरती. हे रोजचं पेय. मातीच्या हिरव्या-तपकिरी नक्षीच्या सुरईतून ते तुमच्या लाकडी वाटीत ओतलं जातं. प्या. उन्हातून आल्यावर ते बरं लागतं. खऱ्या वाइनलाही अजून नाव नाही. तांबडी नाहीतर पांढरी. नाव असलेल्या मोजक्याच, त्यांतली एक सान जिमिन्यानोची व्हेर्नाच्चा, आणि ती पाहायची तर पोपकडे जायला हवं. चौथ्या मार्टिन पोपला दान्तेनं आपल्या काव्यात शुद्धीच्या डोंगरावर उपाशी ठेवलंय ते व्हेर्नाच्चा आणि बोल्सेना तलावातल्या वाम माशांच्या हौसेपायी.

आता जेवायला बसा. इटालियन जेवण म्हणून जे जे डोळ्यांसमोर येतं ते विसरा. टोमॅटो नाही. मका नाही, म्हणून पोलेंता आहे ती बार्लीची किंवा राळ्याची. बटाटा नाही, मिरची नाही, राजम्याचा एकही दाणा नाही. हसू नका, याच दिवशी तुमच्या आजोळीही मिरची नाही, बटाटा नाही, काजू नाही. सगळं अटलांटिकपलीकडे आहे आणि कोलंबस जन्मायला शंभराहून जास्त वर्षं आहेत.

जे आहे ते असं: कोबीची पानं, कांदा, लसूण, आणि चवळी. हो, चवळीच, काळ्या डोळ्याची. जुन्या जगात इटालियनांच्या शेंगांच्या आमटीत तीच असे. वरून ऑलिव्ह तेलाची एक बारीक धार, घरधनिणीनं अंगठा तोंडाशी धरून ओतलेली. मेंढीच्या दुधाचं चीज, बोटभर. आणि भाकर. गहू गोण्यांत भरून शहराच्या वाटेवर आहे. इथे पानात पडते ती सगळ्या उरल्यासुरल्याची: बार्ली, कडधान्यं, आणि साज्जिना. साज्जिना हाताला घ्या, वास घ्या. ओळखलीत? ज्वारी. मध्ययुगीन टस्कनीत ज्वारी पिकत होती. लेन्झीच्या धान्यभावांच्या वहीत गव्हाच्या खाली तिचा भाव आहे. गरिबाचं, जनावराचं आणि टंचाईच्या वर्षी सगळ्यांचं धान्य. तुम्ही मिटक्या मारत खाताय हे बघून घरातली म्हातारी चकित होते. शहरातून आलेला माणूस हे खातो?

संध्याकाळी पुढे निघा, कुना जवळच आहे. विटांची तटबंदी, बुरूज. लांबून गढी वाटते, पण आत सैन्य नाही, गहू आहे. इस्पितळाचं हे कोठार १३१४ पासून बांधत आणलंय. आत वरच्या मजल्यांवर जायला जिन्याऐवजी उतरण आहे, लादलेली खेचरं थेट वर जावीत म्हणून. मघाच्या अंगणातला अर्धा इथे येऊन पडतो. आणि इथून सिएनाला: तिथे टाकून दिलेली मुलं वाढवली जातात, आजारी माणसं झोपतात, आणि रोमला निघालेल्या यात्रेकरूंना फुकट जेवण मिळतं. तुम्हाला काल रात्री मिळाला तो पांढरा पाव याच गव्हाचा. त्यामुळे लेखणीवाल्याला मनातल्या मनात शिव्या घालणं अवघड होऊन बसतं.

त्या पावात मीठ नव्हतं, हे लक्षात आलं असेलच. टस्कनीचा पाव आजही अळणी. बिनमिठाच्या पावाबरोबर खारट चीज आणि मिठात मुरवलेलं डुक्कर का खातात, ते खाल्ल्यावरच कळतं. शहरात श्रीमंताघरी शेवटी पानपेपातो येतो: मध, बदाम, सुका मेवा आणि मिरी घालून भाजलेली जड वडी. ती मिरी मलबारची. गलबतानं तांबड्या समुद्रातून, मग अलेक्झांड्रिया, व्हेनिस, मग खेचरावरून याच वेशीत. या मुलखात तुमच्या बाजूची वस्तू कुठली असेल तर ती एवढीच, आणि ती अर्धेलीच्या घरी पोचत नाही.

आठ वर्षं पुढे. १३४८ चा उन्हाळा, प्लेगचा. थांबू नका इथे. वेशीत पहारेकरी नाही. आन्योलो दि तुरा नावाचा बखरकार आपल्या पाच मुलांना स्वतःच्या हातांनी पुरल्याचं लिहून ठेवतो. शहर निम्म्यानं किंवा त्याहून जास्त ओस पडतं. अँब्रोजिओ लोरेन्झेत्ती जूनमध्ये मृत्युपत्र करतो आणि त्यानंतर कागदोपत्री कुठे दिसत नाही; भाऊ पिएत्रोही, तोही चित्रकार, दिसेनासा होतो. कथीड्रल दुपटीनं वाढवायचं काम १३३९ मध्ये काढलं होतं, ते बंद पडतं. अर्धवट उभी राहिलेली ती प्रचंड भिंत आजही तशीच उभी आहे. रानात मात्र माणूस महाग झाला. उरलेल्यांना धरून ठेवायला मालकांनी जमिनी अर्धेलीनं दिल्या, आणखी दिल्या. ज्या करारावर तुम्ही मघाशी वाटीभर आंबट पाणी प्यायलात, तो पुढची सहाशे वर्षं चालला.

ऑक्टोबर १५४८, पिसा. फ्लॉरेन्सच्या मेदिची ड्यूकच्या घरी त्याच्या शेतावरून एक टोपली आलीय. लाल फळं. घरची मंडळी विचारात पडून एकमेकांकडे बघतायत. इटलीत टोमॅटोच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ही एक. पुढे बराच काळ लोक तो शोभेला लावणार, चाखायला घाबरणार. दरम्यान अमेरिकेतला पांढरा राजमा चवळीला हटवून टस्कनीच्या हंडीत शिरतो आणि असा मुरतो की शेजारचे लोक टस्कनीवाल्यांना शेंगाखाऊ म्हणून चिडवू लागतात. सिएनाचं राज्य याच दशकांत फ्लॉरेन्सच्या घशात जातं. अर्धेलीच्या घरात त्यानं फरक काय पडला? मालकाचं आडनाव बदललं.

आता मोठी उडी. सप्टेंबर १८७२, ब्रोलिओचा किल्ला, सिएनाच्या ईशान्येला कियांतीच्या टेकड्यांत. बेत्तिनो रिकाझोली टेबलाशी बसून पिसाच्या एका प्राध्यापकाला पत्र लिहितोय. हा लोखंडी सरदार, एकसंध झालेल्या इटलीचा दोनदा पंतप्रधान. राजकारण आटोपून द्राक्षांकडे परतलाय, आणि तीन-साडेतीन दशकांच्या प्रयोगांचं सार एका परिच्छेदात घालतोय: वास आणि जोर सांजोव्हेझेचा, तिचा कडकपणा मवाळ करायला कानायोलो, आणि लवकर, रोजच्या जेवणाबरोबर प्यायच्या वाइनमध्ये थोडी पांढरी मालवाझिया. मुरवायच्या वाइनमध्ये ती नको. कियांतीच्या हद्दी १७१६ मध्येच टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोनं फर्मान काढून आखून दिल्या होत्या. आत काय भरायचं ते या पत्रानं ठरवलं. गवताच्या वेष्टणातली फुगीर पोटाची ती बाटली पुढे जगभरच्या खानावळींत मेणबत्ती खोचायला गेली ती याच वाइनची.

रिकाझोलीबद्दल मला आदर आहे आणि थोडी धास्तीही. त्यानं १८४३ मध्ये ब्रोलिओच्या शेतीची नियमावली काढली होती. अर्धेलीवर त्याची श्रद्धा होती: मालक आणि कूळ एका बोटीत, म्हणून गावात शांतता. आता किल्ल्यातून बाहेर पडा आणि टेकडी उतरून कुळाच्या घरी जा. खाली गोठा, त्यात पांढरेशुभ्र धिप्पाड कियानिना बैल. त्यांच्या अंगाची ऊब वरच्या खोल्यांत चढते. वर एकच मोठी चूल, तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं. कर्ता पुरुष कापोच्चा, घरची कारभारीण मास्साइआ. लग्न करायचं तर मालकाच्या कानावर घालायचं, कारण वाढलेलं तोंड म्हणजे वाढलेला खर्च. शुक्रवारी भाजीचं सार केलं, काळा कोबी, राजमा, गाजर. शनिवारी त्यात शिळा पाव घालून पुन्हा उकळलं. रविवारी आणखी एकदा. हीच रिबोल्लिता, पुन्हा उकळलेली. पीठ आणि पाणी, अंडं नाही, कारण अंडी मालकाला द्यायची आहेत. ते पीठ मास्साइआ पाटावर हातानं वळते, आपल्या जाड शेवयांसारखं, फक्त लांबच लांब. त्या पिची. वर चीज परवडत नाही म्हणून शिळ्या पावाचा चुरा तेलात परतून भुरभुरायचा. टस्कनीच्या स्वयंपाकात शिळ्या पावाचं इतकं कौतुक का, याचं उत्तर पाककृतीत नाही, वाटपात आहे.

त्याच सुमारास दक्षिणेला मोंताल्चिनोत फेर्रुच्चो बिओन्दी सान्ती फक्त सांजोव्हेझेची, दुसरं काहीही न मिसळता, वर्षानुवर्षं पिंपात ठेवायची वाइन करू बघतोय. १८८८ ची त्याची ब्रुनेल्लो आजही दंतकथा आहे. नातवंडांच्या काळात प्यायची वाइन करणं ज्याला परवडतं, त्याचा वाटा अर्ध्याहून मोठा असतो.

१९४४, जुलै संपून ऑगस्ट लागतोय. फ्लॉरेन्सच्या नैऋत्येला मोंतेगुफोनीचा वाडा. तोफांचा आवाज जवळ आहे. गव्हाच्या पेंढ्या शेतातच पडून आहेत, कारण वाटेत सुरुंग आहेत. तळघरांत आसपासची कुळं बायकापोरांसह येऊन राहिली आहेत. तुम्ही अंगणात शिरता आणि कानावर मराठी पडते.

दचकू नका. आठव्या भारतीय डिव्हिजनमधले मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान इथे उतरलेत. कोकणातले, साताऱ्याकडचे, कोल्हापूरकडचे. आतल्या दिवाणखान्यात पाऊल टाका: भिंतीला टेकवून, दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद, बोत्तिचेल्लीचं प्रिमावेरा. संत्र्यांचं बन, पायांखाली फुलंच फुलं, पातळ वस्त्रांत फेर धरलेल्या तिघी. बॉम्बपासून वाचवायला फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयातली चित्रं खेड्यांतल्या वाड्यांत आणून ठेवली होती. या वाड्यात जोत्तो आहे, उच्चेल्लोनं रंगवलेली सान रोमानोची लढाई आहे, फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यातली, १४३२ सालची. युद्धाचा वृत्तान्त लिहायला आलेला एरिक लिंक्लेटर हा स्कॉटिश लेखक खोल्यांमागून खोल्या बघत वेडा व्हायचा बाकी राहतो. बाहेर पहारा मराठा जवानांचा. त्या दिवसांत जगातल्या सगळ्यात नाजूक वसंताची राखण ज्यांनी केली, त्यांची मुलं पुढे शाळेत बोत्तिचेल्लीचं नावही न ऐकता मोठी झाली. हे मला कुठल्याही संग्रहालयाच्या पाटीपेक्षा महत्त्वाचं वाटतं, आणि आपण ते आपल्या मुलांना सांगत नाही याचा राग येतो.

तीन आठवड्यांपूर्वी, १० जुलैला, पूर्वेकडे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, वय २२. तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा घायाळ झाल्यावर एकट्यानं मशिनगनवर चालून गेले, ती घेतली आणि मग गोळी लागून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अंब्रियातल्या मोंतोने गावात २०२३ पासून त्यांच्या नावाचं स्मारक आहे, सूर्यघड्याळाच्या रूपातलं. त्या खोऱ्यातली शेतंही अर्धेलीचीच. ती राखताना मेलेल्या आणि ती पिकवणाऱ्या माणसांची एकमेकांशी ओळख करून दिली असती तर त्यांना दुभाषी फार वेळ लागला नसता.

युद्ध संपलं आणि कुळं उठली. लाल झेंडे, खळ्यावरचे संप, मालकाला सणाची कोंबडी द्यायला नकार. १९४७ मध्ये अर्ध्याचे ५३ टक्के झाले. १९६४ च्या कायद्यानं ५८ झाले आणि अर्धेलीचे नवे करारच बंद झाले. पण तोवर पोरं पोज्जिबोन्सीच्या नि फ्लॉरेन्सच्या कारखान्यांत गेली होती. तिथे पगार पूर्ण मिळायचा. घरं ओस पडली, मेपलवरचे वेल तोडून ट्रॅक्टरला सोयीच्या सरळ ओळी लावल्या गेल्या. पट्टेवाली डुकरं जवळजवळ नामशेष झाली. मोजक्या लोकांनी ती हट्टानं जपली म्हणून आज त्यांच्या मांसाला संरक्षित नाव आहे.

आणि आज? त्याच टेकाडावरच्या पोदेरेत पोहण्याचा तलाव आहे. शेतावर पर्यटक ठेवायला १९८५ च्या कायद्यानं मुभा दिली. शेजारचं ओर्चा खोरं २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. कारणांत एक असंही की सिएनाच्या चित्रकारांनी ते जसं रंगवलं तसं ते अजून दिसतं. गोठ्याच्या जागी जेवणघर आहे. पाटीवर पिची, वर पावाचा चुरा. रिबोल्लिता, काळ्या कोबीची. किंमत बघून तुमची भुवई वर जाते. गरिबीचं जेवण श्रीमंत झालं याचा गळा काढणारे लेख इटालियनांनी भरपूर लिहिलेत; माझं म्हणणं तेवढं कडू नाही. जेवण खरोखर उत्तम आहे. अर्ध्यात भागवताना सहाशे वर्षं बायकांनी जी अक्कल खर्ची घातली तिची किंमत कुणीतरी मोजतंय, एवढं चांगलंच. फक्त ती आता त्या बायकांच्या घरी जात नाही.

सिएनाला जाणार असाल तर माझं ऐका: आधी भिंत बघू नका. कुनाच्या वाटेनं अर्धा दिवस चाला, मातीत, ऑक्टोबरात, पायांना चिखल लागू द्या, एखाद्या साध्या खानावळीत पिची खा, मग त्या दालनात जा आणि पहिल्यांदा खेचरं मोजा. आणि जाणं जमणारच नसेल, तर अकलूजजवळ, सोलापूर जिल्ह्यात, फ्रातेल्ली वाइनरीच्या बागांत सांजोव्हेझे लावलेली आहे. टस्कनीचा वाइनकार पिएरो मासी तिथे ती बनवायला आला. बाटली आणा, आणि तिच्याबरोबर चीजच्या तबकाची वाट न बघता मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीची भाकरी आणि चवळीची उसळ घ्या. कुनाच्या वाटेवरच्या त्या घरी १३४० साली खायला नेमकं हेच होतं; कमी होती ती वाइन.